नैवेद्याआधीचा चमचा

दारू पिणाऱ्या माणसांचा मला तिटकारा नाही. माझे धाकटे मामा प्यायचे, पडायचे, आणि सकाळी उठून कबूल करायचे की काल जरा जास्त झाली. मला तिटकारा आहे तो दारूला दारू न म्हणता पिणाऱ्यांचा. लातुरात हल्ली अशांची पैदास वाढली आहे, आणि त्यांचे म्होरके म्हणजे आमचे गुरुपादप्पा सर.

गुरुपादप्पांचे क्लासेस आहेत. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं चहूकडून आमच्या गावात येतात, एकेका खोलीत चारचार जण राहतात, मेसचं पाणचट वरण पिऊन रात्रंदिवस बेडूक आणि गांडूळ घोकतात. त्यांच्या बापांच्या पैशांवर गुरुपादप्पांनी आधी बंगला बांधला, मग शेत घेतलं, मग शेतात फार्महाऊस बांधलं. माझा मुलगा शिवशंकर त्यांच्याकडे बायोलॉजी शिकवतो. नांदेडला क्लासेसची नवी शाखा निघणार होती आणि तिचा प्रमुख कोण, हे अजून ठरायचं होतं. शिवशंकरला ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे किती, तर आमच्या घरात त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. सून बबिता तर नांदेडच्या कुठल्या भागात राहायचं याचाही विचार करून बसली होती. मी उदगीरच्या कन्याशाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं. मालक गेल्यापासून मुलाकडे राहते, आणि मुलाकडे राहणाऱ्या आईनं जेवढं बोलावं त्यापेक्षा जरा जास्तच बोलते.

दिवाळीत गुरुपादप्पा नाशिकला द्राक्षमळे बघायला गेले आणि येताना खोकी घेऊन आले. तिथून वेड सुरू झालं. रेड वाईन म्हणजे दारू नव्हे, ती संस्कृती आहे, असं त्यांनी स्टाफच्या मीटिंगमध्ये सांगितलं म्हणे. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, आणि हातात लांब दांड्याचा ग्लास. तो ग्लास पोटाला नाही, दांडीलाच धरायचा, नाहीतर हाताची ऊब लागून वाईन बिघडते, हे त्यांनी फिजिक्सच्या शिक्षकाला समजावून सांगितलं. आपल्या वयोवृद्ध आईला मात्र त्यांनी ते हार्टचं औषध आहे असं सांगितलं होतं. संस्कृती आईपासून का लपवावी लागते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग माझ्या मुलानं अभ्यास सुरू केला. जेवण झालं की मोबाईलवर वाईन चाखायचे व्हिडिओ लावून बसायचा. ग्लास तिरका करून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक आत खुपसायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि मग थुंकायचा. घरात वाईन नव्हती तेव्हा तो हे सगळं कोकम सरबतावर करायचा. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावात माझा मुलगा बेसिनपाशी उभा राहून सरबत थुंकत होता. मी म्हटलं, थुंकायचंच असेल तर व्हिडिओ कशाला बघायचे, आपल्या बसस्टँडवर जाऊन उभा राहा, एकाहून एक उस्ताद सापडतील. त्याला राग आला. राग आला की तो गप्प बसतो, हे त्याच्या वडिलांसारखं.

एकदा त्यानं खरी बाटली आणली आणि मलाही चव बघ म्हणाला. मी बघितली. खोटं कशाला बोलू, वाईट नव्हती. आधी जांभळासारखी आली, मग जिभेच्या कडा ओढल्या, कच्चं कवठ खाल्ल्यावर ओढतात तशा. मी तसंच सांगितलं. तर तो म्हणाला, आई, असं नाही म्हणायचं. त्यानं मला म्हणायचे शब्द वाचून दाखवले, त्यात चामडं होतं, तंबाखू होती आणि पावसात भिजलेलं लाकूड होतं. यातलं त्याला काय लागलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, मला अजून काहीच लागत नाही, पण सरांसमोर लागेल.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते ओस. शेतात कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांच्यासमोर लक्ष्मीला नैवेद्य दाखवायचा, शेताभोवती आंबील शिंपडायची आणि मग पंगत. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि सगळ्यात महत्त्वाची भज्जी. कांद्याची भजी नव्हेत. शेंगांतले ओले दाणे, पालेभाज्या, बेसन, चिंच, हिरवी मिरची आणि मूठमूठ लसूण असं एका मोठ्या पातेल्यात रटरटतं, ती भज्जी. आणि ती करणारीनं नैवेद्य होईपर्यंत चाखायची नाही. मीठ वासावर टाकायचं, तिखट नजरेवर. इतक्या वर्षांत मी एकदाही चाखली नाही आणि माझी भज्जी एकदाही चुकली नाही. हे मी फुशारकीनंच सांगते आहे.

तर गुरुपादप्पांनी ठरवलं की यंदाच्या येळवशीला शेतात वाईन-टेस्टिंग ठेवायचं. गावातले चार डॉक्टर, दोन बिल्डर, एक निवृत्त अधिकारी आणि त्यांच्या बायका. प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी बाटली. त्यांच्या बायकोला स्वयंपाकघरातलं काही येत नाही, आईची दृष्टी गेलेली, म्हणून भज्जीसाठी मला बोलावणं आलं. लांबचं का होईना, नातं आहे, आणि माझ्या हातची भज्जी त्यांनी उदगीरला खाल्लेली. शिवशंकर निरोप घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की मी नाही म्हणू शकले नाही. पण दोन दिवसांनी दुसरा निरोप आला. भज्जी जरा माईल्ड करावी. मिरची नको, चिंच नको, लसूण नावाला. तिखट-आंबटापुढे रेड वाईन कडू लागते म्हणे. मी शिवशंकरला सांगितलं, भज्जी लक्ष्मीची आहे, बाटलीची नाही. ज्याला कडू लागेल त्यानं बाटली ठेवून द्यावी. मी नेहमीसारखीच भज्जी केली.

हा दुसरा निरोप ज्याच्या डोक्यातून निघाला तो माणूस मला शेतात भेटला. पुण्याहून आणलेला वाईन-तज्ज्ञ. कातडी एप्रन, कानात बाळी, आणि नाव डॅनी. बोलता बोलता कळलं की मूळ निलंग्याचा आहे. मी आडनाव विचारलं, घराणं काढलं, तेव्हा नाव धोंडप्पा निघालं. येळवशीला लहानपणी डोक्यावर आंबीलीचं मडकं वाहिलं असेल त्यानं, पण आता मला विचारत होता की ही फेस्टिव्हल डिश नक्की कशाची असते. मी म्हटलं, तुझ्या आजीला विचार. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

खोपीत गुरुपादप्पांची आई बसली होती. पंचफुलाबाई. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. त्या अख्ख्या शेतात मला मान द्यावासा वाटला असं ते एकच माणूस. दिसत जवळजवळ काही नव्हतं, पण पांडवांना हळदकुंकू त्याच लावत होत्या, बोटांनी दगड चाचपून. अयोध्या ना, म्हणून मला आवाजावरून ओळखलं, जवळ बसवून घेतलं, माझ्या सासूची आठवण काढली. लेकानं शेतात काय मांडून ठेवलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. बाहेर आंब्याखाली पांढऱ्या चादरीची टेबलं, त्यांवर ग्लासांच्या रांगा, आणि मध्ये थुंकायला स्टीलच्या चकचकीत बादल्या. पाहुणे ज्वारीत उभे राहून फोटो काढत होते. एका डॉक्टरीणबाईंनी हरभऱ्याला सोयाबीन म्हटलं आणि तिच्या नवऱ्यानं दुरुस्त करून तूर सांगितलं.

अव्वांच्या पूजेला वेळ लागत होता. डॅनीला घाई झाली. भज्जी तिखट आहे हे त्याला वासावरून कळलं होतं, आणि आता कोणती बाटली उघडायची हे त्याला ठरवता येईना. जी उघडायची तिला म्हणे ओतण्याआधी श्वास घ्यायला वेळ लागतो. बाटलीला श्वास घ्यायला अर्धा तास मिळतो, आणि माझ्या पोराला रविवारीसुद्धा एक्स्ट्रा लेक्चर असतं, हे मनात आलं, पण बोलले नाही. डॅनी, गुरुपादप्पा आणि शिवशंकर चुलीपाशी आले. मी पातेल्याच्या मागे पाटावर बसले होते. डॅनीनं चमचा घेतला आणि एक घास चाखावा लागेल म्हणून गुरुपादप्पांपुढे केला.

गुरुपादप्पांनी खोपीकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. नैवेद्याआधी चाखलेलं पातेलं बाटतं, मग ते लक्ष्मीपुढे ठेवत नाहीत, हे त्यांना अव्वांनीच शिकवलं असणार. त्यांचा हात पुढे आला आणि मागे गेला. मला क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी तो चमचा माझ्या मुलाकडे वळवला.

"शिवशंकर, तू बघ. तुझं जजमेंट चांगलं आहे."

पाप करायलासुद्धा या माणसाला नोकर लागतो, असं माझ्या मनात आलं. मी शिवशंकरकडे पाहिलं. त्यानंही माझ्याकडे पाहिलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर तो म्हणेल की त्याच्या लक्षात नव्हतं. लहानपणी या दिवशी शेंगदाण्याच्या पोळीचा तुकडा चोरला म्हणून आजीचा मार खाल्लेला पोरगा आहे तो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पातेल्यात चमचा बुडवला, तोंडात घातला, मग तोच चमचा पुन्हा पातेल्यात बुडवला आणि दुसरा घास घेतला. डॅनीनं लगेच नमुन्याच्या बाटलीतून ग्लास भरून दिला. शिवशंकरनं घोट घेतला, तोंडभर घोळवला, डॅनीनं पुढे केलेल्या बादलीत थुंकला आणि डोळे मिटून म्हणाला की मसाला वाईनला उठाव देतोय, शेवटी थोडं ओलं लाकूड लागतंय. गुरुपादप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. डॅनीनं त्याच वाईनच्या बाकीच्या बाटल्या उघडल्या.

मी गप्प बसले. त्या वेळी तिथंच तोंड उघडायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण सहा महिने मी त्या जागेविषयी ऐकत होते. बबिता तिकडे आंब्याखाली हसत फिरत होती. मी स्वतःला सांगितलं की मरू दे, लक्ष्मी समजून घेईल, तिला आपल्या माणसांची लायकी ठाऊक आहे.

थोड्या वेळानं अव्वांनी हाक मारली. सगळे खोपीपुढे जमले. पाहुण्यांनी मोबाईल वर धरले. मी ताट वाढून अव्वांसमोर ठेवलं. त्यांच्या घरात एक रीत आहे. ताट लक्ष्मीपुढे सरकवण्याआधी घरातली मोठी बाई रांधणारणीला विचारते, आणि रांधणारीण नाही म्हणते, आणि मग नैवेद्य होतो. दरवर्षीचा प्रश्न, दरवर्षीचं उत्तर, त्यात विचार करायचं काही नसतं. अव्वांनी ताटाच्या कडेवर हात ठेवला आणि माझ्या दिशेनं तोंड केलं.

"कुनी चाखलं न्हाई ना, अयोध्या?"

नाही, एवढाच शब्द होता. तो माझ्या जिभेवर होता. पण ती म्हातारी डोळ्यांनी बघू शकत नव्हती आणि म्हणून माझ्याकडून बघून घेत होती. तिच्या लेकानं तिला फसवलं होतं, सुनेनं फसवलं होतं, औषध म्हणून बाटल्या घरात आणल्या होत्या, आणि आता मीही त्याच रांगेत उभं राहायचं. मला ते जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर, गुरुपादप्पांचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं.

"चाखलंय अव्वा," मी म्हटलं. "माझ्या शिवशंकरनं."

मला वाटलं होतं की गुरुपादप्पा पुढे येतील, ओशाळतील, अव्वा, माझ्याच सांगण्यावरून झालं असं काहीतरी पुटपुटतील. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त शिवशंकरकडे पाहिलं, मघाशी चमचा देताना पाहिलं होतं तसंच. आणि माझा मुलगा पुढे आला. अव्वांसमोर गुडघे टेकून बसला.

"न्हाई ओ अव्वा. म्या कशाला चाखतो. आईला आजकाल असे भास व्हायलेत. घरी बी असंच करून राहिली हाय."

इतक्या शांतपणे, इतक्या मायेनं म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, होतात की काय. पाहुण्यांतल्या एका डॉक्टरनं समजूतदारपणे मान हलवली. डॅनी आपल्या बुटांकडे बघत होता.

अव्वांनी शिवशंकरला जवळ बोलावलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नाक त्याच्या तोंडाशी नेलं. भज्जीत इतका लसूण असतो की खाल्लेला माणूस संध्याकाळपर्यंत लपत नाही. आता खरं काय ते निघेल अशी मला खात्री होती.

"लसूण न्हाई," अव्वा म्हणाल्या. "गुरुपादच्या औषधाचा वास येतोय निस्ता." मग माझ्याकडे तोंड वळवलं. "सनावाराच्या दिवशी पोटच्या लेकराला असं बोलू ने, अयोध्या. त्याला नजर लागती."

त्यांनी ताट सरकवलं. बाटलेला नैवेद्य लक्ष्मीपुढे गेला. सगळ्यांनी हात जोडले, गुरुपादप्पांनी तर साष्टांग नमस्कार घातला. त्या महागड्या वाईननं त्या दिवशी एवढं एक काम चोख केलं. माझ्या मुलाच्या तोंडाचा वास झाकला.

मग आंबील शिंपडली आणि मग टेस्टिंग झालं. मी पाटावरच बसून राहिले. भज्जी वाढली, ग्लास भरले. डॅनीनं सांगितलं की आधी घास, मग घोट. पहिल्या घासाला बिल्डरांच्या डोळ्यांत पाणी आलं, घोट घेतल्यावर जीभ भाजल्यासारखी तोंडं झाली, आणि सगळ्यांनी मिळून अप्रतिम म्हटलं. डॉक्टरीणबाईंना त्यात चॉकलेट लागलं. निवृत्त अधिकाऱ्यांना फ्रान्स लागलं. चिंचेपुढे आणि मिरचीपुढे वाईनचं काय उरलं असेल ते त्या बाटलीलाच ठाऊक, पण बादल्यांत कुणी थुंकलं नाही, सगळे गिळत होते. मीठ मात्र बरोबर पडलं होतं. ते मला बबितानं येऊन सांगितलं.

जेवणं झाल्यावर गुरुपादप्पा ग्लास घेऊन उभे राहिले आणि त्यांनी नांदेडच्या शाखेसाठी शिवशंकरचं नाव जाहीर केलं. हुशार माणसं पुष्कळ मिळतात, म्हणाले, पण कठीण प्रसंगी संस्थेच्या बाजूनं उभी राहणारी मिळत नाहीत. टाळ्या झाल्या. शिवशंकर माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले. त्यानं जमिनीला हात लावला आणि उठून गेला. मी तशीच उपाशी घरी निघाले.

परतताना गाडी तोच चालवत होता. बबिता आणि मी मागे बसलो होतो. ती खोपीपुढे नव्हती, पंगतीची पानं मांडायच्या गडबडीत होती, तिला जे कळलं होतं ते दुसऱ्यांकडून. ती खूश होती आणि माझ्याकडे बघून जरा घाबरलेलीही होती. रस्त्यात दोन्ही बाजूंनी माणसं शेतांतून घरी निघाली होती, त्यामुळे गाडी हळूहळू चालली होती. शिवशंकर नांदेडविषयी बोलत होता. घर मोठं बघू, आईला वेगळी खोली, गोदावरी जवळ, तिला रोज फिरायला जाता येईल. जणू काही झालंच नव्हतं. मी वाट बघितली. तो एक शब्द बोलेल, चुकलं म्हणेल, निदान मला गप्प राहायला विनवेल. आम्ही दोघं आणि त्याची बायको, गाडीत चौथं कुणी नव्हतं. इथं तरी खोटं बोलायची गरज नव्हती.

शेवटी मीच बोलले. "तू माझ्याकडे बघून चमचा उचललास. मला तुझी किळस येते, शिवशंकर."

बबितानं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, तो नेहमीसारखा रागानं गप्प बसलाय, आणि त्या रागाचा मला आधारच वाटला असता. पण त्याला राग आलेला नव्हता. त्यानं समोरच्या आरशात बघून बबिताची नजर शोधली, आणि सापडल्यावर अगदी हळूच, दुःखी चेहऱ्यानं मान हलवली.

बबितानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. वाईट नाही ती पोर, तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"आई," ती म्हणाली, "नांदेडला जायच्या आधी एकदा डॉक्टरला दाखवून येऊ का आपण? मी येते ना तुमच्यासंगं."